टोपलीआधीचे झाड

ओजिब्वे टोपलीचे बहुतेक कष्ट विणायला बसण्याआधीच उपसून झालेले असतात. योग्य झाड हेरायचे, ते पाडायचे, दलदलीतून ओंडका बाहेर काढायचा, कुऱ्हाडीच्या माथ्याने तो इंच न् इंच कुटायचा, सुटलेले थर सोलायचे, चिरायचे, तासायचे, आणि मग कुठे पहिली पट्टी दुसरीखालून सरकते. या कलेवर लिहिणारे आणि टोपल्या विकत घेणारे सहसा शेवटच्या टप्प्यावर पोहोचतात. विणणारीच्या बोटांची सफाई पाहून त्यांना ही हस्तकला निसर्गस्नेही वाटते, आणि ते खरेही आहे. पण गेल्या पंचवीस वर्षांत या कलेवर जे संकट कोसळले, ते पहिल्या टप्प्यावर, थेट झाडावर. त्यामुळे ही कला टिकेल का, याचा विचार जंगलापासून सुरू करावा लागतो.

ओजिब्वे हा उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठ्या मूळनिवासी समाजांपैकी एक. लेक सुपीरिअर या अफाट सरोवराभोवती, म्हणजे आजच्या अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि कॅनडातील ऑन्टारिओ या प्रांतांत, आणि पश्चिमेकडे नॉर्थ डकोटा व मॅनिटोबापर्यंत त्यांच्या वस्त्या पसरलेल्या आहेत. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. ओडावा आणि पोटावाटोमी हे त्यांचे भाऊबंद. तिघांची ‘तीन अग्नींची’ युती फार जुनी. कुटुंबे एकमेकांत मिसळलेली आणि हातातली कलाही सामाईक, त्यामुळे ओजिब्वे टोपलीची गोष्ट सांगताना या दोघांचे दाखले येणारच.

त्यांचे सर्वांत जुने भांडे विणलेले नसे, ते बर्चच्या सालीचे असे. हा बर्च आपल्या हिमालयातील भूर्जवृक्षाच्याच कुळातला. सालीतल्या बेट्युलिन या द्रव्यामुळे तिच्यात पाणी मुरत नाही आणि ती सहजी कुजत नाही. ही साल दुमडून, स्प्रूसच्या चिवट मुळांनी किंवा बासवूडच्या अंतर्सालीच्या दोऱ्याने शिवली की ‘मकक’ तयार होतो. त्यात मेपलची साखर, सुकवलेल्या बेऱ्या आणि सरोवरांतून झोडून आणलेला जंगली तांदूळ, मनोमिन, वर्षभर राहत असे. तांदूळ पाखडायचे सूपही याच सालीचे. लांब पल्ल्याच्या नावाही याच सालीच्या. फ्रान्सिस डेन्समोर यांनी १९२८ साली ‘ब्यूरो ऑफ अमेरिकन एथ्नॉलॉजी’च्या अहवालात ओजिब्वेंच्या वनस्पतिज्ञानाची मोठी नोंद केली. ती वाचताना लक्षात येते की बर्च त्यांच्या स्वयंपाकघरात, कोठारात, घराच्या छपरात आणि बाळाच्या पाळण्यातही होता.

साल काढायचा काळ थोडका असतो. साधारण जूनच्या अखेरीस झाडात रस चढलेला असतो, तेव्हा एक उभी चीर दिली की बाहेरची साल आपोआप सुटू लागते. आतल्या सालीला पाते लागू द्यायचे नाही, एवढी खबरदारी घेतली की झाड जगते. त्याआधी झाडापाशी चिमूटभर तंबाखू, असेमा, ठेवण्याची रीत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा केवळ विधी वाटेल. मला त्यात कामाची शिस्तही दिसते. तंबाखू ठेवायला थांबलेला माणूस झाड नीट न्याहाळतो, गाठी पाहतो, साल वाकवून बघतो आणि झाड कामाचे नसेल तर त्याला न दुखावता पुढे जातो.

पण झाड जगले म्हणजे साल परत मिळते असे नाही. सोललेल्या जागी नंतर खरबरीत, काळी साल धरते. ती भांड्याच्या उपयोगाची नसते. म्हणजे एका बर्चकडून चांगली साल बहुधा एकदाच मिळते आणि नवे बर्च सतत वाढत राहणे अगत्याचे ठरते. अडचण इथेच आहे. बर्चला ऊन हवे. जंगलात मोकळी जागा झाली किंवा वणवा जाऊन गेला की तो जोमाने उगवतो, आणि दाट सावलीत मागे पडतो. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड कंपन्यांनी या प्रदेशातली पाइनची जंगले साफ केली, आणि २०व्या शतकात सरकारी वनखात्यांनी आग म्हणून जी काही असेल ती विझवण्याचे धोरण राबवले. आज नाव बांधण्याजोगा जाड, सरळ, बिनगाठीचा बर्च शोधायला कारागिरांना लांबवर भटकावे लागते. लॅक ड्यू फ्लॅम्बो येथील नाव बांधणारे वेन व्हॅलिएर यांना २०२० साली अमेरिकेची ‘नॅशनल हेरिटेज फेलोशिप’ मिळाली, तो त्यांच्या हातांचा सन्मान होताच. पण त्या हातांना पुरेशी साल मिळत राहील का, हा प्रश्न त्या सन्मानाने सुटलेला नाही.

आता विणलेल्या टोपलीकडे वळतो. तिचे लाकूड ब्लॅक अ‍ॅशचे. लाकडाच्या पट्ट्यांची टोपली या खंडात मूळची की युरोपीय वसाहतवाल्यांकडून आलेली, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. टेड ब्रासर यांनी १९७५ मध्ये ती डेलावेअर खोऱ्यातील स्वीडिश वसाहतींतून पसरली असे मांडले. नंतरच्या अनेकांना ते पटले नाही. माझ्या मते ओजिब्वेंच्या संदर्भात या वादाला फार महत्त्व देण्याचे कारण नाही. बर्च, बासवूड आणि देवदाराच्या सालीची कामे त्यांच्याकडे आधीपासून होती. पट्ट्यांची टोपली १९व्या शतकात, हिंडण्याफिरण्याच्या जागा आखडल्यावर आणि आगगाडीने हौशी प्रवासी येऊ लागल्यावर, उपजीविकेचे मोठे साधन झाली. शिवणाच्या टोपल्या, कपड्यांच्या टोपल्या, मासे आणि बटाटे वाहायच्या टोपल्या असे जे जे खपेल ते बायकांनी विणले. मिशिगनच्या उत्तर किनाऱ्यावरील पर्यटनगावांत आणि मिनेसोटातील मिल लॅक्स सरोवराकाठच्या व्यापारी ठाण्यावर या टोपल्यांनी घरे चालवली. बाजारासाठी केलेली म्हणून ती वस्तू कमअस्सल ठरवणे मला अन्यायाचे वाटते. ज्या काळात जमीन, शिकार आणि भाषा हातची जात होती, त्या काळात ही कला विक्रीमुळेच जिवंत राहिली.

ब्लॅक अ‍ॅशचे वेगळेपण त्याच्या वर्षवलयांत आहे. आपल्याकडे बुरूड बांबू उभा चिरून कामट्या काढतो. इथे लाकूड चिरण्याआधी त्याचे वर्षावर्षाचे थर सुटे करतात. वसंतात वाढलेला थर मोठ्या छिद्रांचा, पोकळ. उन्हाळ्यात वाढलेला घट्ट. साल काढलेल्या ओंडक्यावर एकसारखे घाव घालत गेले की पोकळ थर चुरतो आणि घट्ट थर फितीसारखा वर उचलला जातो. इतका सरळ सुटा होणारा दुसरा वृक्ष त्या जंगलात नाही. मात्र असे प्रत्येक झाड देत नाही. खोड सरळ, खालचा भाग बिनगाठीचा आणि वलये नेमक्या जाडीची हवीत. वलये फार बारीक असली तर पट्टी तुटते, फार जाड असली तर वाकत नाही. दलदलीत उभ्या असलेल्या कितीतरी झाडांतून एखादेच निवडले जाते. सुटलेली पट्टी पुन्हा मधोमध दुभंगतात, तेव्हा आतून रेशमासारखी तुकतुकीत बाजू निघते. नाजूक टोपल्यांसाठी तीच वापरतात. पट्ट्या वाळवून गुंडाळून ठेवल्या तर वर्षानुवर्षे टिकतात आणि पाण्यात भिजवल्या की पुन्हा लवतात.

टोपलीच्या काठाला अनेकदा स्वीटग्रास या सुगंधी गवताची वेणी बसवतात. या गवताबाबत झालेला एक अभ्यास मला संपूर्ण विषयाच्या मुळाशी नेणारा वाटतो. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉल किमरर स्वतः पोटावाटोमी आहेत. २०१३ साली आलेल्या ‘ब्रेडिंग स्वीटग्रास’ या पुस्तकात त्यांनी आपल्या एका विद्यार्थिनीच्या प्रयोगाची हकिकत दिली आहे. काही वाफ्यांतले गवत खुडून घेतले, काहींतले मुळासकट उपटले, काहींना हातच लावला नाही. खुडण्या-उपटण्याच्या पद्धतीने फरक पडला नाही. पण ज्या वाफ्यांना कोणी शिवले नव्हते ते मरगळले, आणि काढणी झालेले वाफे फोफावले. जुन्या पानांची गर्दी हटली की नव्या कोंबांना ऊन मिळते. ब्लॅक अ‍ॅशबाबतही त्यांच्या एका विद्यार्थ्याला असेच आढळले: जिथे टोपल्या विणणारी माणसे होती, तिथे या झाडाची रोपटी भरपूर होती. एखादे मोठे झाड काढले की छताला भोक पडते, खाली ऊन उतरते आणि रोप वर येते.

इथे घाईने सरसकट निष्कर्ष काढू नये. एका गवताचा आणि एका झाडाचा अनुभव प्रत्येक वनस्पतीला लागू होत नाही; बर्चची साल तर बहुधा एकदाच चांगली मिळते हे वर आलेच. तरीही टिकाऊपणाची आपली नेहमीची व्याख्या इथे अपुरी पडते. ‘कमी घ्या, म्हणजे निसर्ग वाचेल’ हे सूत्र कारखान्यांच्या आणि ठेकेदारांच्या तोडीपुढे बरोबर असते. हाताने निवडून, मोजके आणि वर्षानुवर्षे त्याच जागी घेणाऱ्या माणसांना ते लावले, तर आपण त्या जागेची राखण करणाऱ्यालाच बाहेर काढतो.

तसे झालेही. १८३७, १८४२ आणि १८५४ च्या तहांन्वये ओजिब्वेंनी प्रचंड भूभाग अमेरिकेला दिला, पण १८३७ आणि १८४२ च्या तहांत त्या जमिनीवर शिकार आणि मासेमारी करण्याचा, रानातले गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढच्या शतकभरात राज्य सरकारांनी तो जुमानला नाही. हरीण मारले किंवा मासा धरला म्हणून लोकांना पकडले जाई. त्याच काळात निवासी शाळांनी मुले घरापासून तोडली. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलची शाळा १८७९ मध्ये सुरू झाली. लॅक ड्यू फ्लॅम्बो येथे १८९५ मध्ये सरकारी शाळा आली. ज्या वयात आजीबरोबर दलदलीत जाऊन कोणता ओंडका ‘वाजतो’ हे कळायचे, त्या वयात मुले रांगेत उभी राहून परकी भाषा शिकत होती. ही कला एका पिढीतून दुसरीकडे जाताना जिथे जिथे तुटली, तिथे कारण शोधायला गेले की बहुधा हेच हाती लागते.

हक्क परत मिळाला तो न्यायालयांतून. १९८३ च्या ‘वॉइट’ निकालाने विस्कॉन्सिनमध्ये तहातले हक्क जिवंत असल्याचे मान्य झाले. त्यानंतर मासेमारीवरून सरोवरांच्या धक्क्यांवर ओजिब्वेंविरुद्ध कडवट निदर्शने झाली. १९९९ मध्ये मिल लॅक्स बँडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही १८३७ च्या तहाचा हक्क उचलून धरला. या लढ्याच्या बातम्यांत मासा आणि हरीण गाजले. साल, गवत, मुळे आणि मेपलचा रस यांच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पण टोपलीच्या दृष्टीने तेच मोलाचे होते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्रेट लेक्स इंडियन फिश अँड वाइल्डलाइफ कमिशन’मध्ये आज ११ ओजिब्वे समाज आहेत. १९९८ मध्ये अनेक ओजिब्वे समाजांनी अमेरिकेच्या वनसेवेशी करार केला आणि राष्ट्रीय वनांतून आपल्या नियमांनुसार या वस्तू गोळा करण्याची वाट मोकळी झाली. ‘टिकाऊ हस्तकला’ या विषयावर बोलताना हा करार क्वचितच आठवतो. माझ्या मते नैसर्गिक रंग वापरले की रासायनिक, या चर्चेपेक्षा तो कितीतरी महत्त्वाचा आहे.

आणि मग, हक्काची वाट खुली झाली त्याच सुमारास, झाडच जाऊ लागले.

२००२ मध्ये डेट्रॉइटजवळ एका हिरव्या चकचकीत भुंग्याची ओळख पटली. नाव एमराल्ड अ‍ॅश बोरर. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. मूळ पूर्व आशियाचा. मालाच्या खोक्यांच्या आणि फळ्यांच्या लाकडातून तो बहुधा १९९०च्या दशकात आला असावा. आशियातील अ‍ॅश या किड्याबरोबर वाढलेले, त्यामुळे त्यांच्यात प्रतिकार आहे. उत्तर अमेरिकेतील अ‍ॅशला तो अवसरच मिळाला नाही. अळी सालीखाली नागमोडी बोगदे कोरते, अन्नरसाची वाट तुटते आणि काही वर्षांत झाड उभ्या उभ्या वाळते. मिशिगनच्या आग्नेय भागात तो जिथे ठाण मांडून बसला तिथली ब्लॅक अ‍ॅशची मोठी झाडे जवळजवळ सगळी गेली. विस्कॉन्सिनमध्ये तो २००८ मध्ये सापडला, मिनेसोटात २००९ मध्ये. २०१७ साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेने ब्लॅक अ‍ॅशला ‘अतिशय संकटग्रस्त’ वर्गात टाकले. पिढ्यान्‌पिढ्या टोपल्यांसाठी तोडूनही जे झाड टिकून राहिले, ते मालवाहतुकीच्या फळ्यांतून आलेल्या किड्याने काही दशकांत या वर्गात नेऊन ठेवले.

मिनेसोटात अ‍ॅशची संख्या सुमारे १०० कोटी मानली जाते, कोणत्याही अमेरिकी राज्यापेक्षा जास्त, आणि त्यांतले बहुसंख्य ब्लॅक अ‍ॅश. उत्तरेकडच्या दलदलींत मैलोन् मैल दुसरे मोठे झाडच नाही. ही झाडे जमिनीतले पाणी शोषून हवेत सोडतात. ती मेली की पाण्याची पातळी चढते, रोपे कुजतात आणि जंगलाच्या जागी लव्हाळ्यांची दलदल उरते. लीच लेक ओजिब्वेंच्या प्रदेशात बराचसा पसरलेल्या चिपेवा राष्ट्रीय वनात संशोधकांनी झाडांना गोल खाच पाडून असे मरण मुद्दाम घडवून पाहिले, जवळपास तसेच परिणाम दिसले. सगळी झाडे एकदम तोडण्यापेक्षा छोट्या मोकळ्या जागा करून त्यांत आधीच इतर जातींची रोपे लावणे बरे, असा त्या कामाचा रोख आहे. कडाक्याची थंडी काही प्रमाणात मदतीला येते. पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की पुष्कळ अळ्या मरतात. पण तसे हिवाळे आता विरळ होत चालले आहेत.

किडा पसरू नये म्हणून अ‍ॅशचे ओंडके हलवण्यावर बंदी आली, आणि तिचा फटका टोपलीवाल्यांनाही बसला. एक झाड घेऊन जाणारी कारागीर आणि ट्रक भरून सरपण नेणारा व्यापारी नियमापुढे सारखेच ठरले. यातून एक चांगले संशोधन मात्र निघाले. ओंडके पाण्यात बुडवून ठेवण्याची कारागिरांची जुनी रीत होतीच. वनसेवेच्या संशोधकांनी ती तपासली आणि हंगामानुसार १४ ते १८ आठवडे बुडवलेल्या ओंडक्यातून किडा बाहेर पडत नाही, शिवाय लाकूड टोपलीला चालते, असे २०१५ मध्ये दाखवून दिले. नियम करणाऱ्यांनी कारागिरांना आधीच विचारले असते तर हा मार्ग पहिल्याच वर्षी सापडला असता, असे मला ठामपणे वाटते.

बाकीचे उपाय धीम्या गतीचे आहेत. २००७ पासून चीनमधून आणलेल्या अगदी बारीक परोपजीवी गांधीलमाश्या सोडल्या जात आहेत. त्या भुंग्याच्या अंड्यांवर आणि अळ्यांवर वाढतात. लहान झाडांना त्यांचा आधार मिळतो, मोठी झाडे वाचवण्याची त्यांची ताकद कमी. सगळे मेले तरी उभे राहिलेले एखाददुसरे अ‍ॅश शोधून त्यांची कलमे करण्याचे काम चालू आहे. आणि बियाणे. ब्लॅक अ‍ॅश दरवर्षी नीट बी धरत नाही. पडलेले बी साधारणपणे दुसरा हिवाळा उलटल्यावर उगवते. अक्वेसास्ने येथील मोहॉक समाजाने बी गोळा करण्याचे आणि रोपे लावण्याचे तंत्र या किड्याच्या आधीपासूनच बसवले होते. ग्रेट लेक्सच्या परिसरातही आज अनेक समाज आपापल्या दलदलींतले बी राखून ठेवत आहेत.

मिशिगनच्या केली चर्च या अनिशिनाबे कलावतीने या सगळ्याला टोपलीतूनच उत्तर दिले आहे. कित्येक पिढ्या टोपल्या विणणाऱ्या घरातली ही स्त्री. २०१८ ची ‘नॅशनल हेरिटेज फेलोशिप’ तिला मिळाली. त्याच वर्षीच्या तिच्या एका कामात ब्लॅक अ‍ॅश आणि तांब्याची अंड्याच्या आकाराची टोपली आहे. आत एका कुपीत मेलेला हिरवा भुंगा आणि एक फ्लॅश ड्राइव्ह; झाड कसे निवडावे, कसे कुटावे याची माहिती त्यात भरलेली. मुलांना हे झाड भेटणारच नाही अशी वेळ आली, तर पुढे कधी ते परत आल्यावर ज्ञान शोधता यावे, म्हणून. तिची मुलगी चेरिश पॅरिश हिने गर्भवती स्त्रीच्या धडाच्या आकाराची टोपली विणली आहे. या दोन कलाकृतींचे कौतुक करताना एक भान ठेवावे लागते. फ्लॅश ड्राइव्ह ओंडक्याचा आवाज सांगू शकत नाही. तो हाताला आणि कानालाच शिकवावा लागतो. म्हणून चर्च यांच्या कलाकृतींइतक्याच त्यांच्या कार्यशाळाही मोलाच्या आहेत. विस्कॉन्सिनच्या बॅड रिव्हर ओजिब्वेंतील एप्रिल स्टोन यांनीही हेच केले. त्या ब्लॅक अ‍ॅश विणायला शिकल्या आणि मग गावोगाव शिकवत राहिल्या. त्यांनी अ‍ॅशच्या पट्ट्यांची शवपेटीही विणली.

पर्याय काय? नॉर्थ डकोटातील टर्टल माउंटन येथे लाल विलोच्या काड्यांची टोपली चालते. तिथल्या फ्रान्सिस आणि रोझ क्री या दांपत्याला २००२ मध्ये हेरिटेज फेलोशिप मिळाली होती. विलो छाटला की पुन्हा फुटतो, त्यामुळे तो टिकाऊ पर्याय आहे यात शंका नाही. पण ती वेगळी टोपली आहे. ब्लॅक अ‍ॅशऐवजी विलो घ्या हे सांगणे बाहेरच्याला सोपे असते.

खरेदीदाराच्या बाजूने एक कायदा मदतीला आहे. १९९० च्या ‘इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स अ‍ॅक्ट’नुसार मूळनिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे गुन्हा आहे. आयात केलेल्या नकली टोपल्यांशी झगडताना त्याचा उपयोग होतो. पण महिनाभराच्या कामाला महिनाभराची मजुरी मिळाली तरच तरुण या दलदलीत उतरतील, आणि ती मजुरी आजही सगळ्यांना मिळत नाही.

सध्या सगळ्यांत तातडीची जागा मिनेसोटाचा उत्तर भाग आहे. किडा अजून सगळीकडे पोहोचलेला नाही आणि तिथे टोपलीजोगी झाडे उभी आहेत. वनखाती पुढच्या वर्षांच्या तोडीचे आराखडे आज बनवत आहेत. त्यात चांगली झाडे लाकूड गिरणीला किंवा सरपणाला जाण्याआधी टोपलीवाल्यांना निवडू द्यायची, ओंडके बुडवण्यासाठी पाणी आणि पट्ट्या साठवण्यासाठी जागा द्यायची, बी असलेली झाडे तोडीतून वगळायची, आणि ही यादी करताना लीच लेक, बॉइस फोर्ट, फाँ दु लॅक इथल्या कारागिरांना टेबलाशी बसवायचे. यासाठी नवा कायदा लागत नाही. तह आहेत, १९९८ च्या कराराचा नमुना आहे, ओंडके बुडवण्याची रीत तपासून झालेली आहे.